टीव्ही यायच्या आधीच या गड्यानं रेसिंगचा ‘शो’ करून टाकला होता

फॉर्म्युला वनमध्ये २०११ साली डीआरएस आलं आणि २०२५ पर्यंत राहिलं. पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असाल, तर ठरलेल्या टप्प्यात मागच्या विंगची पट्टी उघडायची आणि वेग वाढवायचा. फॉर्म्युला ई त्याच्याही पुढं गेली. तिथं २०२२ पर्यंत चाहत्यांनी व्होटिंग करायचं आणि लाडक्या ड्रायव्हरला जादा पॉवर मिळवून द्यायची, अशी सोय होती. टीव्हीसमोरच्या माणसानं चॅनल बदलू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

पण रेसिंगला मसाला लावायचा धंदा टीव्हीच्या कितीतरी आधीचा. त्यातला उस्ताद म्हणजे बार्नी ओल्डफील्ड.

१८७८ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जन्मलेला बार्नी मूळचा सायकल रेसर. १९०२ मध्ये हेन्री फोर्ड यांनी बांधलेल्या ‘९९९’ या राक्षसी गाडीला ड्रायव्हर हवा होता. ती पळवायला खुद्द फोर्डच कचरत होते. बार्नीला तर मोटार चालवायचा अनुभवच नव्हता. तो काही दिवसांत शिकला आणि डेट्रॉइटजवळच्या ग्रोस पॉइंटला अलेक्झांडर विंटनसारख्या नामांकित रेसरला हरवून मोकळा झाला. पुढच्याच वर्षी त्यानं इंडियानापोलिसच्या गोल मातीच्या ट्रॅकवर एक मैल मिनिटाच्या आत कापला. हे करणारा तो पहिलाच.

इथून बार्नी स्टार झाला. दातात सिगार धरून तो गावोगावच्या जत्रांमध्ये गाड्या पळवू लागला. पण एकटाच पुढं पळाला तर पब्लिक कंटाळणार. मग शर्यत तीन फेऱ्यांची. पहिली जिंकायची, दुसरी हरायची आणि तिसरी अगदी थोडक्यात जिंकायची. निकाल बऱ्याचदा आधीच ठरलेला असायचा, पण पैसे देऊन आलेल्या लोकांना त्याचा पत्ता नसायचा.

या थराराची किंमतही होती. १९०४ मध्ये सेंट लुईसला त्याची गाडी कुंपण तोडून बाहेर गेली आणि दोन जणांचा जीव गेला.

१९१० मध्ये त्यानं डेटोनाच्या किनाऱ्यावर ‘ब्लिट्झन बेंझ’ ताशी सुमारे २१२ किलोमीटर वेगानं पळवून विक्रम केला. त्याच वर्षी त्यानं बॉक्सिंगचा जगज्जेता जॅक जॉन्सनशी कार रेस लावली. जॉन्सन कृष्णवर्णीय. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनला तो ट्रॅकवरच नको होता. बार्नी काही समतेसाठी उतरला नव्हता, त्याला गल्ला दिसत होता. शर्यतीचं शूटिंगही झालं. बार्नी आरामात जिंकला आणि असोसिएशननं त्याला निलंबित केलं.

तरी गडी थांबला नाही. १९१३ मध्ये तो मॅक सेनेटच्या मूकपटात झळकला. १९१४ मध्ये लिंकन बीची विमानात आणि बार्नी खाली मोटारीत, अशा शर्यती शहराशहरांत लागल्या. लोक तुडुंब गर्दी करत.

पण नुसता मसाला टिकला नसता. त्याच १९१४ मध्ये, जिथं ठरवून काही होणं शक्य नव्हतं त्या इंडियानापोलिस ५०० मध्ये, तो पाचवा आला. १९१६ मध्ये पुन्हा पाचवा.

१९४६ साली बार्नी गेला. डीआरएस किंवा व्होटिंगवर चाहते कितीही चिडले, तरी नियम सगळ्यांना आधी माहीत असायचा. बार्नीच्या जत्रेतल्या प्रेक्षकाला मात्र तिकीट काढूनही कधी कळायचं नाही, की समोर चाललीय ती शर्यत आहे की नाटक.