रिकाम्या खुर्च्यांसमोरचा खेळ

वॉल्टर सिकर्ट हा इंग्रज चित्रकार आधी नट होता आणि नट म्हणून फारसा चालला नाही, हे लक्षात ठेवूनच त्याची चित्रे पाहावीत असे मला वाटते. १८६० साली म्युनिकमध्ये जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी इंग्लंडला आला. वडील आणि आजोबा दोघेही चित्रकार. याला मात्र नाटकाचे वेड. हेन्री आयर्व्हिंगसारख्या बड्या नटाच्या मंडळीत त्याने बारीकसारीक कामे केली. रंगभूमीवरचे नावही त्याने घेतले होते 'नेमो', म्हणजे लॅटिनमध्ये 'कोणीच नाही'!

१८८१ मध्ये तो चित्रकलेकडे वळला, व्हिसलरचा साहाय्यक झाला. १८८३ साली व्हिसलरने काढलेले आईचे प्रसिद्ध चित्र पॅरिसला पोचवायला तो गेला आणि तिथे त्याला देगा भेटला. जागेवर नुसती रेखाटने करायची आणि रंगवायचे घरी येऊन, ही रीत त्याने देगाकडून उचलली. नाटक सुटले तरी नाट्यगृह सुटले नाही. लंडनच्या स्वस्त म्युझिक हॉलमधल्या गायिका, माडीवर रेलून बसलेली पोरे, हे त्याचे विषय झाले. (अलीकडे काहींनी त्याला 'जॅक द रिपर' ठरवण्याचा घाट घातला. त्या खुनांच्या दिवसांत तो बराच काळ फ्रान्समध्ये होता. तेव्हा ते राहू द्यावे.)

१९१५ च्या उन्हाळ्यात तो ब्रायटनला एका चित्रकार मित्राकडे उतरला. हे लंडनकरांचे हवा खायला जायचे समुद्रकाठचे गाव. किनाऱ्यावर लाकडी मंच उभारून 'पिएरो' मंडळी खेळ करीत. ढगळ पांढरे कपडे, त्यांवर गोंडे, पियानो, गाणी, थट्टामस्करी आणि मधूनच प्रेक्षकांत फिरवलेली टोपी. कोकणात दशावताराला रात्र जागवलेल्या माणसाला यातले फारसे काही परके वाटू नये. सिकर्ट पाच आठवडे रोज रात्री तिथे जाऊन बसला.

त्यातून झालेल्या 'ब्रायटन पिएरोज' या चित्रात मंच समोरून दिसत नाही. तो दिसतो बाजूने, जवळजवळ विंगेतून. प्रेक्षक असा पाहत नाही. आपल्या एका वाक्याची वाट बघत उभा असलेला दुय्यम नट असा पाहतो. मंचावर दिवे लागलेले, आभाळात संध्याकाळ अजून रेंगाळलेली. दोन उजेडांच्या कचाट्यात नटांचे गुलाबी-पांढरे रंग आजारी दिसतात. आणि पुढ्यात खुर्च्या, बऱ्याचशा रिकाम्या. त्यांत बसायची ती तरुण पोरे समुद्रापलीकडे फ्रान्सच्या खंदकांत होती.

किनाऱ्यापासून जवळच ब्रायटनच्या राजवाड्यात तेव्हा जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते. तिथल्या इस्पितळांत दगावलेल्या ५३ हिंदू-शीख जवानांना गावाबाहेर पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. १९२१ पासून तिथे संगमरवरी छत्री उभी आहे. सिकर्टच्या चित्रात हे जवान नाहीत. मला मात्र त्या खुर्च्या पाहताना तेच आठवतात.

पुढे म्हातारपणी सिकर्ट वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांवरून नटनट्या रंगवू लागला, त्यावर अनेकांनी नाके मुरडली. १९४२ च्या जानेवारीत, दुसरे महायुद्ध चालू असताना, तो बाथजवळच्या बाथॅम्प्टनला वारला.

पिएरोंचे चित्र एका संग्राहकाने घेतल्यावर दुसऱ्यालाही तेच हवे झाले, म्हणून सिकर्टने ते पुन्हा रंगवून दिले. पहिले ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, दुसरे १९९६ साली टेट गॅलरीने घेतले. दुसऱ्यांदा रंगवतानाही त्याने खुर्च्या भरल्या नाहीत.