गांजाविरुद्ध रान पेटवणारा अमेरिकन अधिकारी सुरुवातीला गांजाला मोजतही नव्हता

उरुग्वेने २०१३ मध्ये गांजाला कायद्याने परवानगी दिली. २०१८ मध्ये कॅनडाने दिली आणि २०२४ मध्ये जर्मनीनेही मोठ्यांना थोडा गांजा बाळगायची मुभा दिली. अशी बातमी आली की आपल्याकडेही लगेच दोन गट पडतात. दारू चालते तर गांजा का नको, असं एका गटाचं म्हणणं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, पोरं वाया जातील.

या भांडणात एक साधा प्रश्न मागे राहतो. मुळात गांजा एवढा मोठा गुन्हा झाला कसा?

उत्तर शोधायला गेलं की एक नाव सारखं समोर येतं. हॅरी जेकब अँस्लिंगर. टक्कल पडलेला, दणकट बांध्याचा अमेरिकन अधिकारी. निवडणूक कधी लढवली नाही, पण पाच राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले तरी याची खुर्ची हलली नाही.

अँस्लिंगरचा जन्म २० मे १८९२ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अल्टूना गावचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, आई जर्मन. गाव रेल्वेच्या जिवावर चालायचं, त्यामुळे बापही रेल्वेत आणि पुढे पोरगाही रेल्वेत.

बारा वर्षांचा असतानाचा एक प्रसंग त्याने पुढे आपल्या पुस्तकात लिहून ठेवलाय. तो शेजारच्या शेतकऱ्याच्या घरी गेला होता. वरच्या मजल्यावरून बाईच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. शेतकऱ्याने त्याला गाडी देऊन गावातल्या औषधाच्या दुकानात पिटाळलं. ते औषध होतं मॉर्फिन. बाईला त्याचं व्यसन लागलेलं. औषध पोटात गेल्यावर किंकाळ्या थांबल्या. पण दुकानदाराने एका बारा वर्षांच्या पोराच्या हातात काहीही न विचारता मॉर्फिन दिलं, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कायमची बसली.

रेल्वेत त्याने तपासनीस म्हणून काम केलं. जर्मन आणि डच भाषा येत असल्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याला हॉलंडला पाठवलं. त्यानंतर हँबर्ग, व्हेनेझुएला आणि बहामा अशा नेमणुका झाल्या. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती आणि बहामातून चोरटी दारू धो धो यायची. ती रोखण्यासाठी त्याने ब्रिटिशांना जहाजांची नोंद ठेवायला राजी केलं. वरचे साहेब खूश झाले आणि त्याला थेट दारूबंदी खात्यात घेतलं.

दारूबंदी फसत चालली होती. अँस्लिंगरने त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळाच होता. त्याच्या मते बंदी चुकीची नव्हती, शिक्षा कमी पडत होती. विकणाऱ्यासोबत पिणाऱ्यालाही तुरुंगात टाकलं पाहिजे, असं त्याचं मत झालं. हे मत त्याने पुढे आयुष्यभर सोडलं नाही.

१९३० मध्ये अमेरिकेने अमली पदार्थांसाठी फेडरल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स हे नवं खातं काढलं. पहिला आयुक्त झाला ३८ वर्षांचा अँस्लिंगर. हे खातं अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्या हाताखाली होतं आणि अँस्लिंगरची बायको मेलन यांच्या नात्यातली होती.

आता खरी गंमत. खुर्चीवर बसला तेव्हा त्याचं सगळं लक्ष अफू, हेरॉइन आणि कोकेनवर होतं. गांजा त्याच्या हिशोबातच नव्हता. ही वनस्पती रस्त्याच्या कडेला तणासारखी उगवते, तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही, अशी त्याची भूमिका होती. गांजाचा अर्क तर अमेरिकेत औषधाच्या दुकानात मिळायचा. तिथल्या अधिकृत औषधांच्या यादीत तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होता.

मग असं काय झालं की हाच माणूस गांजाच्या मागे हात धुऊन लागला?

इथे इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, वर महामंदीने खात्याचं बजेट कापलं गेलं. खातं टिकवायला नवा शत्रू हवा होता, असं काही जण म्हणतात. दुसरी बाजू अशी की मेक्सिकोला लागून असलेल्या राज्यांतून दबाव वाढत होता. तिथे मेक्सिकन मजूर गांजा ओढायचे आणि मंदीत याच मजुरांवर स्थानिकांचा राग होता. दोन्ही कारणं एकाच दिशेला ढकलत होती. अँस्लिंगरच्या मनातही काळ्या आणि मेक्सिकन लोकांबद्दल आकस होता. १९३४ मध्ये एका सरकारी पत्रात त्याने काळ्या माणसासाठी शिवीवजा शब्द वापरला आणि त्याच्या राजीनाम्याची मागणी झाली होती.

त्याने एक फाईल जमवायला घेतली. गांजा ओढून केलेले खून, बलात्कार, दरोडे. त्यातली सगळ्यात गाजलेली केस फ्लोरिडातल्या टँपा शहरातली. ऑक्टोबर १९३३ मध्ये व्हिक्टर लिकाटा नावाच्या तरुणाने आईवडील, दोन भाऊ आणि बहिणीला कुऱ्हाडीने मारलं. पोरगा गांजा ओढायचा, म्हणून गांजाने खून केले, अशी ही गोष्ट अँस्लिंगरने मासिकात छापली, सभांत सांगितली आणि संसदेतही सांगितली. पण लिकाटा मानसिक आजारी होता. या हत्याकांडाच्या आधीच पोलिसांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचा प्रयत्न केला होता आणि घरच्यांनी अडवला होता. गोष्ट सांगताना हा भाग गळायचा.

१९३७ मध्ये संसदेच्या समितीपुढे विधेयक आलं. त्यात गांजा हा ओळखीचा शब्द न वापरता मारिहुआना हा मेक्सिकन शब्द वापरला होता. त्यामुळे आपल्या दुकानातलं औषध ते हेच, हे कित्येक डॉक्टरांना कळलंच नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे डॉक्टर विल्यम वुडवर्ड यांनी समितीपुढे उभं राहून विरोध केला. वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर कायदा करू नका, तुरुंग आणि आरोग्य खात्याकडून आकडे मागवा, असा त्यांचा मुद्दा होता. सदस्यांनी त्यांनाच झापलं. पुढे सभागृहात एकाने विचारलं की डॉक्टरांची संघटना या विधेयकाच्या बाजूने आहे का. समितीच्या सदस्याने खुशाल हो सांगितलं.

२ ऑगस्ट १९३७ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली. कायदा नावाला कराचा होता. नोंदणी नसलेल्या माणसाला गांजा द्यायचा तर एका औंसाला १०० डॉलर कर. म्हणजे थेट बंदी न घालता बंदी. पाखरांच्या दाण्याच्या धंद्यावाल्यांनी ओरड केली म्हणून न उगवणाऱ्या बियांना सूट मिळाली. डॉक्टरांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही, पाखरांचं ऐकलं गेलं.

१ ऑक्टोबरला कायदा लागू झाला आणि त्याच महिन्यात डेन्व्हर शहरात सॅम्युअल कॉल्डवेल नावाच्या मजुराला गांजा विकल्याबद्दल चार वर्षांचा तुरुंगवास झाला.

न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो लागार्डिया यांना मात्र हे पटत नव्हतं. त्यांनी १९३९ मध्ये डॉक्टर आणि शास्त्रज्ञांची समिती नेमली. १९४४ मध्ये अहवाल आला. गांजामुळे गंभीर गुन्हे होतात याला आधार मिळाला नाही आणि त्यातून माणूस हेरॉइनकडे जातो हेही दिसलं नाही. अँस्लिंगर खवळला. त्याने अहवाल धुडकावला आणि समितीवरच तोंडसुख घेतलं.

खरं तर असा अहवाल आधीही आला होता, तोही आपल्या भारतात. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. सात सदस्य, त्यातले तीन भारतीय. त्यांनी ११९३ साक्षीदार तपासले. बेताने वापर केला तर फारसं नुकसान होत नाही, अति वापर घातक आहे, आणि बंदी न घालता कर आणि परवाने लावून नियंत्रण ठेवावं, असा त्यांचा निष्कर्ष. आज जगभरात ज्या नियमनाची चर्चा चालू आहे, ते १८९४ मध्ये कागदावर आलेलं होतं.

अँस्लिंगर ज्या बाजूने बोलत होता ती बाजूही तो गरजेप्रमाणे बदलायचा. १९३७ च्या सुनावणीत गांजा ओढणारे पुढे हेरॉइनकडे जात नाहीत असं त्याने सांगितलं होतं. १९५० च्या दशकात तोच माणूस गांजा म्हणजे हेरॉइनची पायरी असं सांगू लागला. १९५१ आणि १९५६ मध्ये कायदे कडक झाले. पहिल्यांदा नुसता गांजा सापडला तरी किमान दोन वर्षांची शिक्षा.

नियम सगळ्यांना सारखा होता असंही नाही. जॅझ कलाकारांवर त्याची खास नजर असायची. गायिका बिली हॉलिडे हेरॉइनच्या विळख्यात होती. १९४७ मध्ये त्याच्या माणसांनी तिला पकडलं आणि तिला तुरुंगात जावं लागलं. १९५९ मध्ये इस्पितळात मरणाच्या दारात असतानाही तिच्या खोलीबाहेर पोलिसांचा पहारा होता. दुसरीकडे, एका वजनदार संसद सदस्याला मॉर्फिनचं व्यसन होतं. त्याला गुपचूप दुकानातून माल मिळेल अशी सोय अँस्लिंगरने स्वतः केली. हेही त्याने स्वतःच लिहिलंय, फक्त नाव सांगितलं नाही.

म्हणून तो निव्वळ खलनायक होता असंही म्हणता येत नाही. एफबीआयचा प्रमुख एडगर हूव्हर अमेरिकेत माफिया आहे हेच मान्य करत नव्हता, तेव्हा अँस्लिंगरची माणसं माफियाच्या मागावर होती. हेरॉइनच्या आंतरराष्ट्रीय टोळ्यांविरुद्ध त्याने खरोखर काम केलं.

३२ वर्षांनी, १९६२ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच्या आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा करार झाला होता आणि गांजा जगभर हेरॉइनच्या रांगेत जाऊन बसला होता. भारताला गांजाचा नशेसाठी होणारा वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली. कराराच्या व्याख्येत झाडाचे फुलोरे आले, नुसती पानं आली नाहीत. म्हणूनच महाशिवरात्रीची आणि होळीची भांग वाचली.

१९६९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अँस्लिंगरचा कर कायदा मोडीत काढला. पण पुढच्याच वर्षी नवा कायदा आला आणि त्यात गांजा सगळ्यात धोकादायक गटात टाकला गेला.

अखेरच्या काळात अँस्लिंगरची दृष्टी गेली होती. १४ नोव्हेंबर १९७५ ला तो वारला.

त्याला बरोबर दहा वर्षं झाली, त्याच तारखेला, १४ नोव्हेंबर १९८५ ला भारतात एनडीपीएस कायदा लागू झाला. शतकानुशतकं सरकारी ठेक्यावर मिळणारा गांजा गुन्हा ठरला. आज एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, २० किलोच्या वर गेलं तर किमान दहा वर्षं.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचं का यावर मतदान झालं. २७ विरुद्ध २५ असा निकाल लागला आणि भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं.

याचा अर्थ गांजा निरुपद्रवी आहे असा नाही. कोवळ्या वयात, रोजच्या रोज आणि तीव्र गांजा ओढला तर मानसिक आजाराचा धोका वाढतो, असं आजचं संशोधन सांगतं. म्हणूनच जिथे परवानगी दिली तिथेही वयाची अट आणि प्रमाणाची मर्यादा आहे. पण हा धोका नेमका कुणाला आणि किती, हे मोजा, आकडे आणा, एवढंच डॉक्टर वुडवर्ड १९३७ मध्ये मागत होते. तेव्हा आकड्यांऐवजी कुऱ्हाडीची गोष्ट चालली.

अँस्लिंगरच्या पेनसिल्व्हेनियाने २०१६ मध्ये कायदा केला. तिथल्या रुग्णाला आता गांजा औषध म्हणून मिळतो. फरक एवढाच की बारा वर्षांचं पोरगं एकटं आलं, तर दुकानदार त्याला काही न विचारता देऊ शकत नाही.