बैलाच्या चिन्हामागचा शेतकरी

पनवेलजवळच्या कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. या रस्त्यावरून एखादी लॅम्बोर्गिनी सुसाट निघून गेली की माना आपसूक वळतात. या गाडीवर झळकणारे नाव मुळात एका शेतकऱ्याच्या मुलाचे आहे आणि ते आधी ट्रॅक्टरवर झळकले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

फेरुचिओ लॅम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ रोजी उत्तर इटलीतील रेनात्सो या खेड्यात झाला. घरी द्राक्षांची शेती होती, पण मुलाचा जीव पिकापेक्षा अवजारांत रमे. बोलोन्याजवळ तंत्रशिक्षण घेतल्यावर दुसऱ्या महायुद्धात ते ऱ्होड्स बेटावर लष्करी वाहनांची दुरुस्ती करू लागले. पुढे ब्रिटिशांचे युद्धकैदी झाले आणि १९४६ मध्ये मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी मुलाला जन्म देताना त्यांच्या पत्नीचे निधन झाले.

युद्धाने इटलीची शेती उद्ध्वस्त केली होती. शेतकऱ्यांना ट्रॅक्टर हवे होते, पण परवडत नव्हते. फेरुचिओंनी लष्कराने मोडीत काढलेल्या वाहनांचे भाग जुळवून स्वस्त ट्रॅक्टर तयार केला. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या धंद्याने पाहता पाहता कारखान्याचे रूप घेतले. त्याच वर्षी मिले मिलिया या प्रसिद्ध शर्यतीत ते फियाटची छोटी टोपोलिनो घेऊन उतरले आणि रस्त्याकडेच्या खाणावळीवर आदळले. शर्यतींची हौस तिथेच फिटली.

पैसा आला, तशी दारात फेरारीही आली. तिच्या क्लचची तक्रार घेऊन ते एन्झो फेरारींकडे गेले, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने गाड्यांतले काय सांगावे, अशा थाटात त्यांची बोळवण झाली, असा किस्सा सांगितला जातो. त्यात तिखटमीठ किती, हा भाग वेगळा. पण १९६३ मध्ये सांताआगाता बोलोन्येझे येथे फेरुचिओंचा मोटार कारखाना उभा राहिला, हे खरे.

कारखान्याला अजरामर केले ते ‘मिउरा’ने. जानपाओलो दाल्लारा, पाओलो स्तांझानी आणि चाचणीचालक बॉब वॉलेस हे तिघेही तेव्हा तिशीच्या आतले. चार लिटरचे बारा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, तेही आडवे बसवायचे, ही त्यांची कल्पना. इंजिन मध्यभागी ठेवण्याची ही रीत त्या काळी प्रामुख्याने शर्यतीच्या गाड्यांत होती. मालकाला आरामशीर प्रवासी मोटारी हव्या होत्या. तरीही जाहिरात तरी होईल, या हिशेबाने त्यांनी होकार दिला. १९६५ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला, तरी ग्राहक पुढे आले. बेर्तोने कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनी यांनी साकारलेली पूर्ण गाडी १९६६ मध्ये जिनिव्हात झळकली. तिचे नाव स्पेनमधील झुंजीचे बैल पैदा करणाऱ्या मिउरा घराण्यावरून घेतले होते. १९७३ पर्यंत साडेसातशेहून थोड्या अधिक मिउरा तयार झाल्या. आज त्यांपैकी एखादी विक्रीला आली की कोट्यवधी रुपयांची बोली लागते.

स्वतः फेरुचिओंना मात्र हा व्याप पेलवेना. दक्षिण अमेरिकेतून आलेली ट्रॅक्टरची मोठी मागणी रद्द झाली, कामगारांचा असंतोषही वाढला. १९७२ मध्ये त्यांनी मोटार कंपनीचा ५१ टक्के हिस्सा विकला, १९७३ मध्ये ट्रॅक्टरचा कारखाना दुसऱ्या इटालियन कंपनीकडे गेला आणि १९७४ मध्ये मोटार कंपनीतला उरलेला हिस्साही त्यांनी सोडला. त्यांचे नाव घेऊन गाड्या धावत राहिल्या. त्यांच्याशी मालक म्हणून नाते उरले नाही. अनेक हात बदलून १९९८ मध्ये ती कंपनी जर्मनीच्या आउडीकडे गेली.

उंब्रियातील त्रासिमेनो तलावाकाठी जमीन घेऊन ते पुन्हा शेतीकडे वळले. वडिलांप्रमाणेच द्राक्षे लावली, वाइन केली आणि तिला नाव दिले ‘मिउराचे रक्त’. २० फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गाड्यांचा कारखाना त्यांनी विकला होता, पण मिउराचे नाव शेवटपर्यंत आपल्या मळ्यात जपले.