बडोद्याचे इंग्रजीचे प्राध्यापक अरविंद घोष

१५ ऑगस्ट १८७२ रोजी कोलकात्यात जन्मलेले अरविंद घोष सातव्या वर्षी इंग्लंडला गेले. मुलांवर भारतीय संस्कार होऊ नयेत, अशी वडिलांची इच्छा असल्याने मातृभाषा बंगाली त्यांना परकीच राहिली. केंब्रिजमध्ये शिकून १८९३ साली ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत रुजू झाले. पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक व उपप्राचार्य झाले. कन्हैयालाल मुन्शी त्यांचे विद्यार्थी. वर्गात इंग्रजी शिकवणारे अरविंदबाबू घरी मात्र संस्कृत, बंगाली, मराठी व गुजराती शिकत होते. वंगभंगानंतर, १९०६ साली, बडोद्याची मानाची नोकरी सोडून त्यांनी कोलकात्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद अल्प वेतनावर स्वीकारले. परभाषा शिकवताना स्वभाषा गवसलेल्या या प्राध्यापकाचे ५ डिसेंबर १९५० रोजी पाँडिचेरीत निधन झाले.