उसाला मोजून पाणी द्या, असं विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या काठी सांगितलं होतं

विश्वेश्वरय्या म्हटलं की म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागर धरण आठवतं. पण पाण्याचा हिशेब ते महाराष्ट्रात शिकले. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअर झाले आणि 1884 साली मुंबई सरकारच्या नोकरीत लागले. नोकरीची सुरुवातीची वर्षं नाशिक-खानदेशात गेली. तिथे पांझरेच्या काठी जुनी फड पद्धत चालायची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी ठरलेल्या पाळीने वाटायचं.

1899 च्या सुमारास पुणे भागातलं सिंचन त्यांच्याकडे आलं. भाटघर धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या नीरा कालव्यावर वेगळंच चित्र होतं. कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी उसाला वाटेल तेवढं पाणी सोडायचे. त्याने जमीन चिबड व्हायची, डास वाढायचे आणि टेलच्या गावांना पाणी पोचायचंच नाही. म्हणजे धरण सगळ्यांचं, पैसा मात्र थोड्यांच्या हातात.

यावर विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. गावोगावी चांगल्या जमिनीचे ठरावीक ब्लॉक पाडायचे. ब्लॉकच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिकं. पुढच्या वर्षी उसाची जागा बदलायची. असं केलं की जमिनीचा कस टिकतो, पाण्याचा अंदाज आधीच बांधता येतो आणि नगदी पिकाचा पैसा जास्त गावांत फिरतो.

ज्यांना भरपूर पाण्याची सवय होती, ते अर्थातच बिथरले. विरोध झाला. पण 1901 साली नेमलेल्या सिंचन आयोगापुढे विश्वेश्वरय्यांनी आपली योजना मांडली आणि पुढे दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत रुजली.

त्याच काळात त्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. दोन्ही कामांमागे विचार एकच होता. नवं पाणी शोधण्याआधी हातातलं पाणी नीट वापरा.

1955 साली त्यांना भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी ओलांडून 1962 साली ते गेले. नीरेच्या काठी ऊस आजही डोलतोय. आणि कालव्याला पाणी सुटलं की टेलचा शेतकरी आजही पाटाकडे डोळे लावून बसतो.