थॉमस ग्रॅहम

थॉमस ग्रॅहम (१८०५ – १६ सप्टेंबर १८६९) हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ होते. रसायनशास्त्राचे विद्यार्थी त्यांना वायूंच्या विसरणाच्या नियमामुळे ओळखतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना जगवणाऱ्या डायलिसिस (अपोहन) या उपचाराचे मूळ तत्त्व आणि त्याचे नावही त्यांच्याच प्रयोगांतून आले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते स्वतः वैद्य नव्हते.

ग्रॅहम यांचा जन्म ग्लासगो येथे झाला. त्यांनी धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. १८३० मध्ये ते ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत आणि १८३७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १८५५ पासून अखेरपर्यंत ते शाही टांकसाळीचे प्रमुख होते.

टांकसाळीचा कारभार सांभाळत असतानाच १८६१ साली त्यांनी अपोहनाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांचे उपकरण अगदी साधे होते. पिठाच्या चाळणीसारखे एक कडे घेऊन त्यावर जाळीऐवजी चर्मपत्री कागद ताणून बसवायचा आणि ते पाण्यावर तरंगत ठेवायचे. आत ओतलेल्या द्रावणातील साखर किंवा मीठ यांसारखे पदार्थ कागदातून पाण्यात उतरत. डिंकासारखे पदार्थ मागे राहत. या दुसऱ्या वर्गाला त्यांनी कलिल (कोलॉइड) असे नाव दिले. याच पद्धतीने त्यांनी अर्धा लिटर मूत्र चोवीस तास ठेवले, बाहेरचे पाणी आटवले आणि उरलेल्या क्षारांतून अल्कोहोलच्या साहाय्याने युरियाचे स्फटिक मिळवले.

रक्तापोहनाचे यंत्र तत्त्वतः हेच करते. पातळ पटलाच्या एका बाजूने रक्त व दुसऱ्या बाजूने अपोहन-द्रव वाहतो. युरिया, क्रिएटिनिन पटलातून पार होतात. रक्तपेशी व प्रथिने मोठी असल्याने रक्तातच राहतात. ग्रॅहम यांना साधे पाणी पुरले. रुग्णासाठी ते चालत नाही, कारण आवश्यक क्षारही रक्तातून निघून जातील. म्हणून द्रवात ते मोजून मिसळलेले असतात.

हे तत्त्व मानवी रुग्णापर्यंत पोहोचायला सहा दशके लागली. जर्मनीतील गेओर्ग हास यांनी १९२४ मध्ये गीसन येथे पहिले मानवी रक्तापोहन केले. नेदरलँड्समधील विलेम कोल्फ यांनी युद्धकाळात सेलोफेनच्या नळीचे फिरते यंत्र बनवले. त्यांचे सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री त्या उपचाराने वाचली.