चंद्राच्या शर्यतीत पळायचंच नाही, हे ठरवून विक्रम साराभाईंनी इस्रो उभी केली

कुर्ल्याहून हार्बर लाइन पकडून मानखुर्दला उतरलं की पुढे अणुशक्तीनगर लागतं आणि त्याच्या पलीकडे खाडीच्या बाजूला भाभा अणु संशोधन केंद्र. महसुली नकाशावर हा सगळा भाग कुर्ला तालुक्यातच येतो. बीएआरसी म्हटलं की आपल्याला अणुभट्टी आठवते. पण भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पैसाही सुरुवातीला याच अणुऊर्जा खात्यातून यायचा. आणि 1966 पासून त्या खात्याचे प्रमुख होते विक्रम साराभाई.

गिरणीमालकाचा मुलगा

12 ऑगस्ट 1919 ला अहमदाबादच्या एका श्रीमंत गिरणीमालक घराण्यात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकायला गेले, पण महायुद्धामुळे परत यावं लागलं. मग बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली वैश्विक किरणांवर काम केलं. 1947 मध्ये अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू केली.

1962 मध्ये होमी भाभांच्या पुढाकाराने अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती बनली आणि अध्यक्षपद साराभाईंकडे आलं. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळमधल्या थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकेकडून मिळालं होतं आणि ऑफिस होतं एका चर्चमध्ये.

24 जानेवारी 1966 ला भाभा विमान अपघातात गेले. त्यानंतर काही महिन्यांत अणुऊर्जा आयोगही साराभाईंकडे आला.

इथे रेशनची रांग, तिकडे चंद्र

वेळ वाईट होती. 1965 आणि 1966 असे लागोपाठ दोन दुष्काळ. अमेरिकेतून गहू येत होता, चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षं पुढे ढकलावी लागली. अशा देशाला रॉकेटं कशाला हवीत, हा प्रश्न साहजिक होता.

त्याच काळात अमेरिका आणि रशियाची चंद्रासाठी चढाओढ चालू होती. 1966 च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय बजेटमधले शंभरातले चार डॉलर एकट्या नासावर खर्च होत होते. पण तिथेही गरिबीचा प्रश्न सुटला नव्हता. जुलै 1969 मध्ये अपोलो 11 उडायच्या आदल्या दिवशी राल्फ अबरनाथी गरीब कुटुंबांना घेऊन निदर्शनं करायला पोहोचले होते. ऑक्टोबरमध्ये तेच चांद्रवीर मुंबईत आले, तेव्हा त्यांना बघायला तुफान गर्दी झाली.

साराभाईंची भूमिका या दोन्हींच्या मधली होती. चंद्र, ग्रह किंवा माणसासह उड्डाण यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची स्वप्नं आपण बघत नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. पण अवकाश तंत्रज्ञान सोडून द्यायलाही ते तयार नव्हते. देशाच्या खऱ्या अडचणी सोडवायच्या तर या तंत्रज्ञानात आपण कोणाच्या मागे राहून चालणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मग पैसा कुठे लावायचा?

हवामान, दळणवळण आणि टीव्ही. तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत होता, मुंबईला तो 1972 मध्ये मिळाला. साराभाईंचं म्हणणं होतं की गावोगाव टॉवर उभारत बसण्यापेक्षा एका उपग्रहातून थेट खेड्यात कार्यक्रम पोहोचवा. 15 ऑगस्ट 1969 ला इस्रो स्थापन झाली आणि त्याच वर्षी नासाशी करार झाला. 1975-76 मध्ये सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम उपग्रहावरून दिसले.

ते बघायला साराभाई नव्हते. 30 डिसेंबर 1971 ला कोवलमला त्यांचं निधन झालं. वय फक्त 52.

आज काय?

2018 मध्ये गगनयानची घोषणा झाली. 2024 मध्ये त्याची व्याप्ती वाढवून एकूण निधी 20,193 कोटींवर नेला गेला. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रावर उतरलेल्या लँडरचं नावही विक्रम.

समर्थक म्हणतात, 1969 चा गरीब भारत आता राहिला नाही आणि या मोहिमेतून नवं तंत्रज्ञान हाती येईल. टीकाकार म्हणतात, तेवढ्या पैशात आणखी उपग्रह झाले असते. साराभाई आज कोणाच्या बाजूने असते, हे कोणीच सांगू शकत नाही. पण त्यांचा नकार कायमचा नव्हता, तो त्या काळातला हिशोब होता. रॉकेटवर खर्च होणाऱ्या रुपयातून सामान्य माणसाच्या पदरात काय पडतं, हे त्यांनी आधी विचारलं. गगनयानलाही तोच प्रश्न विचारायला हवा.